डास बदलतील; पिंप कोण बदलणार?

शहापूरच्या डोंगरपाड्यांवर एकदा मे महिन्यात जाऊन पाहा. दारापुढे निळे पिंप, शेजारी हंडे-कळशा. टँकर आला की भरायचे आणि पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचे. ज्या तालुक्यात मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातील माता-भगिनींवर ही वेळ! शेजारच्या मुरबाडमधील जमिनी बारवी धरणात गेल्या. पाणी गेले कारखान्यांना आणि शहरांना. आणि नेमक्या याच साठविलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती डास अंडी घालतो.

या डासावर विज्ञानाने एक नवा उपाय शोधला आहे. प्रयोगशाळेत नर डासाच्या जनुकात बदल करायचा आणि तो मोकळा सोडायचा. नर चावत नाही. चावते ती मादी. या नराशी जंगली मादीचा संयोग झाला की तिची पिल्ले मोठी होण्याआधीच मरतात. ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीचे हे तंत्र. आपल्या महाराष्ट्रातही ते आले. जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे जानेवारी २०१७ मध्ये जीबीआयटी या कंपनीबरोबर त्याच्या चाचण्या जाहीर झाल्या. त्या जाळीच्या पिंजऱ्यांतल्या होत्या, डास उघड्यावर सोडले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क ने सांगितलेले आमचे कर्तव्यच आहे. 'हा डास माणसाला नपुंसक करील' असल्या अफवांना आमच्या वस्तीत थारा नको. परंतु प्रश्न विचारणे हासुद्धा वैज्ञानिक दृष्टिकोनच आहे.

पहिला प्रश्न उपयोगाचा. एडिसचा नर फक्त एडिसची पैदास रोखतो. आमच्या रानावनातल्या पाड्यांवर येणारा हिवताप ॲनाफिलीस डास पसरवितो. त्याला याने काही होत नाही. दुसरा प्रश्न खर्चाचा. डास सोडणे थांबले की आजूबाजूचे डास पुन्हा येतात, म्हणजे पुन्हा सोडणे आले. जालन्याच्याच महिकोने २००२ मध्ये बीटी कापूस आणला आणि शेतकरी दरवर्षी बियाणे विकत घेऊ लागला. उद्या ग्रामपंचायतीने दरवर्षी डास विकत घ्यायचे काय?

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. ब्राझीलमधील जाकोबिना शहरात २०१३ ते २०१५ या काळात असे डास सोडले गेले. प्रयोगशाळेतील वाणाचे जनुकीय अंश तेथील जंगली डासांत आढळल्याचे २०१९ मध्ये एका अभ्यासाने सांगितले. त्यावर वाद झाला आणि त्यातून रोग वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र सोडलेला डास परत बोलावता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आणि सर्वांत मोठा प्रश्न संमतीचा! जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी १९७० च्या दशकात दिल्लीजवळ वांझ डासांचे प्रयोग केले होते. पैसा अमेरिकेचा होता. लोकांना नीट सांगितले नाही, शंका वाढल्या, संसदेच्या लोकलेखा समितीने जाब विचारला आणि १९७५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. सोनीपतला डास सोडायचे राहूनच गेले. लपवाछपवीने नुकसान विज्ञानाचेच झाले.

याउलट अमेरिकेतील फ्लोरिडा कीजमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये यावर मतदान झाले. की हेवन या वस्तीने 'नको' म्हटले, बाकी परगण्याने 'चालेल' म्हटले. २०२१ मध्ये डास सोडले गेले ते दुसऱ्या वस्त्यांत. गोऱ्या माणसाच्या अंगणात डास सोडायचा तर मत विचारतात. मग कातकरी, ठाकूर, बौद्ध यांच्या वस्तीत न विचारता सोडून चालेल काय?

वकील या नात्याने आम्ही कायदा तपासतो तेव्हा फट दिसते. जनुक बदललेल्या जिवांसाठी १९८९ चे नियम आहेत. त्यांत केंद्राची समिती आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती आहे. ग्रामसभा मात्र कोठेच नाही. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. तो अधिकार कागदावर झोपू देता कामा नये.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. असा प्रयोग आपल्या भागात कधी आलाच, तर संपूर्ण माहिती मराठीत द्या, दवंडी देऊन ग्रामसभा घ्या, नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार ते आधी लिहून द्या. त्याआधी पाड्यावर नळ द्या, पिंपांना घट्ट झाकणे द्या, गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात रक्ततपासणीची सोय करा. ज्या घरात रोज पाणी येते, त्या घराला आठ दिवसांचे पाणी साठवावे लागत नाही.

येत्या ग्रामसभेत उपस्थित राहा, हा ठराव मांडा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाल्याशिवाय उठू नका!