दुचाकीचे इंजिन, चारचाकीचा संसार



मोटारसायकलचे इंजिन काढून ते घरी बांधलेल्या हलक्या मोटारीत बसवावयाचे, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. सुशिक्षित याला पोरखेळ म्हणतात, बाजार याला जुगाड म्हणतो. आमचे सारे आयुष्य फिटर, टर्नर, वेल्डर यांच्यात गेले. म्हणून आमचे सांगणे असे की, हसण्यापूर्वी हे काम नीट समजून घ्यावे. त्यात हाताइतकेच डोक्याचेही काम आहे. आणि डोके चुकले तर माणसाचा जीव जातो.

या कामाला मोठा इतिहास आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात पैशाची तंगी होती, पेट्रोलचे रेशन तर 1950 पर्यंत चालू होते. शर्यतीची मोटार ही श्रीमंतांची मिरास. तेव्हा ब्रिस्टलमधील विमान कारखान्याशी संबंधित काही मोटारप्रेमी मंडळींनी असा विचार मांडला की, मोटारसायकलचे 500 घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन साध्या माणसाला परवडेल अशी शर्यतीची मोटार का बांधू नये? 1946 साली लंडनजवळच्या सर्बिटन येथे गॅरेज चालविणारे चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी अशी एक मोटार उभी केली. चार्ल्स हे मूळचे मेकॅनिक. त्यांनी फियाटच्या टोपोलिनो या चिमुकल्या मोटारीचे दोन पुढचे भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडले. त्यामुळे पुढे आणि मागे, दोन्हीकडे प्रत्येक चाक आपापले वरखाली होऊ लागले. इंजिन घेतले जे. ए. पी. कंपनीचे, एका सिलिंडरचे. गिअरबॉक्स ट्रायम्फ मोटारसायकलचा.

आता इंजिन ठेवावयाचे कोठे? त्या काळच्या शर्यतीच्या मोटारींत ते बहुधा पुढे असे. परंतु मोटारसायकलचे इंजिन साखळीने चाक फिरविते, आणि लांब साखळी सैल पडते, उडते, तुटते. म्हणून कूपरांनी ते चालकाच्या पाठीमागे, मागील चाकांच्या जवळ ठेवले. युद्धापूर्वी जर्मनीच्या ऑटो युनियनने मागे इंजिन असलेल्या मोटारी शर्यतीत आणल्या होत्या. कूपरांनी मात्र हे केले ते साखळीच्या सोयीसाठी. पण त्यातून निराळेच फळ आले. चालकाखालून जाणारा लांब दांडा गेला, चालक खाली बसू लागला, मोटार हलकी आणि वळणाला चपळ झाली. 1948 साली स्टर्लिंग मॉस या अठरा वर्षांच्या मुलाने अशीच एक कूपर घेतली. याच मॉसने 1958 साली अर्जेंटिनाची ग्रां प्री मोठ्या कूपरमधून जिंकली. 1959 आणि 1960 अशी दोन वर्षे जॅक ब्रॅबहॅम कूपर चालवून जगज्जेता झाला. पुढे थोड्याच वर्षांत झाडून सर्व मोठ्या कारखान्यांनी इंजिन मागे नेले. गॅरेजातील गरजेने काढलेली वाट भांडवलवाल्यांचा राजरस्ता झाली!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मोटारसायकलचे इंजिन आपल्या वजनाच्या मानाने पुष्कळ जोर देते, कारण ते फार वेगाने फिरते. शिवाय आजच्या इंजिनांत क्लच आणि गिअर एकाच पेटीत येतात. 1999 साली निघालेल्या सुझुकी हायाबुसाचे सुमारे 1300 घनसेंटिमीटरचे इंजिन पावणेदोनशेच्या आसपास अश्वशक्ती देते, आणि इंग्लंडात हौशी लोक तसली इंजिने हलक्या मोटारींत बसवीत आले आहेत. मात्र हे इंजिन दोन चाकांच्या संसारासाठी जन्मलेले. चार चाकांच्या घरात नांदवावयाचे तर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट ओझ्याची. मोटार जड, म्हणून सुटताना जोर जास्त हवा. पुढचे स्प्रॉकेट 16 दातांचे आणि मागचे 40 दातांचे असेल तर प्रमाण अडीच पडते. मागचे 48 दातांचे केले की ते तीन होते. ओढ एकपंचमांशाने वाढते, पण त्याच गिअरमधला वेग एकषष्ठांशाने घटतो. फुकट काहीच मिळत नाही, हा यंत्राचाही कायदा आहे.

दुसरी गोष्ट वळणाची. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून मोटारीत डिफरन्शिअल असतो. मोटारसायकलला एकच मागचे चाक, तिला त्याची गरज नाही. 500 घनसेंटिमीटरच्या त्या मोटारी डिफरन्शिअलशिवाय धावत. हलक्या मोटारीत ते निभते, पण आतले चाक घसटते. तसेच मोटारसायकलच्या गिअरमध्ये सहसा रिव्हर्स नसतो. तो वेगळा बसवावा लागतो.

तिसरी गोष्ट तेलाची. येथे नवखे हमखास फसतात. मोटारसायकल वळताना आत झुकते, म्हणून तेल चेंबरच्या तळाशीच राहते. मोटार तशी झुकत नाही. तेल बाहेरच्या बाजूला धावते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि क्रँकची बेअरिंगे जळतात. म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात, किंवा तेलाची टाकी निराळी करावी लागते. गारव्याचेही तसेच. वाऱ्यावर थंड होणारे इंजिन पाठीमागे कोंडले, तर त्याच्यापर्यंत वारा मुद्दाम पोहोचवावा लागतो.

चौथी गोष्ट ब्रेकची, आणि ती सर्वांत मोठी. वेग दुप्पट झाला की थांबविण्याचे काम चौपट होते. ज्याने इंजिन आधी बसविले आणि ब्रेकचा विचार मागून केला, त्याने उलट्या टोकाने काम सुरू केले, असे आम्ही म्हणतो.

म्हणूनच कायदा कडक आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. रस्त्यावर दुसऱ्यांची मुलेबाळे चालतात. तेव्हा या कायद्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण कायदा रस्ता बंद करतो, शिकणे बंद करीत नाही. कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा भरत आली आहे. तेथे इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले स्वतः बांधलेल्या मोटारी आणतात, त्यांतल्या पुष्कळांत मोटारसायकलचेच इंजिन असते. पेट्रोलच्या मोटारीला 710 घनसेंटिमीटरची मर्यादा आहे. आधी ब्रेकची परीक्षा होते. चारही चाके एकदम जाम झाली नाहीत, तर धावण्याची परवानगी नाही.

आमचा प्रश्न एवढाच आहे. जे कॉलेजातल्या मुलाला मिळते, ते आय. टी. आय.मधल्या आणि गॅरेजातल्या पोराला का मिळू नये? त्याच्या हातात वेल्डिंगचा पाईप आहे, पण त्याला हिशेब कोणी शिकविला नाही; म्हणून त्याचे काम ‘जुगाड’ ठरते. गावातल्या आय. टी. आय.ची एक शेड संध्याकाळी उघडी ठेवावी, एका जाणत्या शिक्षकाने दातांचे आणि ब्रेकचे गणित सांगावे, आणि तयार झालेली गाडी रस्त्यावर नव्हे, तर बंदिस्त मैदानावर तपासून चालवावी. सर्बिटनचे ते बापलेक काही पदवीधर नव्हते. त्यांच्यापाशी गॅरेज होते, हत्यारे होती आणि काम करून पाहण्याची मुभा होती. आमच्या पोरांना यांतले निम्मे जरी मिळाले, तरी उरलेले ती स्वतः मिळवतील, असा आमचा भरवसा आहे.