पहिल्या वळणापर्यंत

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी भाचीला घरी आणायला मी मैदानावर गेले होते. त्यांच्या खो-खोच्या सरावाला एक मुलगी कमी पडत होती. भाची म्हणाली, "आत्या, ये ना, नुसती बस." पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पाटीवर बसतात, एकीचं तोंड इकडे तर पुढचीचं तिकडे; नववी पळते. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी खो-खोच खेळत होते. त्या पाटीवरच्या चौकोनात किती वेळा बसले असेन, त्याला गणती नाही. ओढणी कमरेला बांधून मी बसले. पाठीमागून 'खो' आला आणि मी उठलेच नाही. मन कधीच उठलं होतं, मांड्या उठल्या नाहीत. दोन्ही हात जमिनीला टेकले, मग एक गुडघा, मग दुसरा. तोवर समोरची पोरगी खांबाला वळसा घालून गेलीसुद्धा होती. कुणी हसलं नाही. भाचीने उठवायला हात पुढे केला, तेच मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी अजिंक्यतारा किल्ल्याची वाट धरली. साताऱ्यात राहणाऱ्याला सुचणार तरी दुसरं काय? कॉलेजात असताना आम्ही न थांबता वरच्या दरवाजापर्यंत पळत जायचो, मंगळाई देवीचं दर्शन घेऊन सात वाजता घरी. तेच करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी धापा टाकत पोचले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, तरी गेले. पाचव्या दिवशी उजवा गुडघा सुजला आणि पुढचे तीन आठवडे मी जिना चढतानाही कठडा धरत होते.

ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले, त्यांनी आधी गुडघा पाहिलाच नाही. विचारलं, "नियमित कधी धावत होता?" म्हटलं, बाविसाव्या वर्षी. "म्हणजे तुम्ही बावीस वर्षांच्या मुलीला किल्ल्यावर घेऊन गेलात. गुडघे मात्र अठ्ठेचाळीस वर्षांचे होते."

एके काळी खेळलेल्या माणसाची अडचण नेमकी इथे असते. ज्याने कधीच व्यायाम केलेला नाही, तो दहा मिनिटं चालला तरी त्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. आमच्या हातात मात्र जुनी मोजपट्टी असते. तिच्यावर आजचं प्रत्येक पाऊल तोकडं ठरतं, आणि चार दिवसांत आपण स्वतःलाच नापास करून टाकतो. प्रेरणा नसते असं नाही. जुन्या आठवणींनी ती पहिल्या आठवड्यातच चिरडली जाते.

त्या तीन सक्तीच्या आठवड्यांत मी बरंच वाचलं. अमेरिकेत डॅलस इथे १९६६ साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. कष्टाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ती त्यांची क्षमता तेवढ्यात सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. वजन वाढलेलं, चरबी दुप्पट झालेली. तरी तीस वर्षांत मिळून त्यांची क्षमता जेवढी खाली आली होती, ती घट त्या तीन आठवड्यांच्या घसरणीपेक्षा कमीच भरली. मग सहा महिने त्यांना चालायला, हळू पळायला, सायकल चालवायला लावलं. सुरुवात अगदी थोडी, वाढवत वाढवत आठवड्याला साधारण साडेचार तासांपर्यंत. सहा महिन्यांनी ते विशीतल्या आपल्या मूळ क्षमतेपर्यंत परत आले. माणसं फक्त पाच, त्यामुळे त्यावरून सगळ्यांबद्दल काही सांगू नये. पण मी ते वाचून रात्री उशिरापर्यंत जागी होते. वयाला आपण फार दोष देतो. त्यातला बराच दोष बसून राहण्याचा असतो.

दुसरा प्रयोग नॉर्वेतल्या ओस्लोचा, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. स्नायू वाढतो तेव्हा त्याच्या तंतूंमध्ये नवी केंद्रकं येतात. स्नायू पुन्हा बारीक झाला तरी ती केंद्रकं टिकून राहतात, असं तिथे दिसलं. प्रयोग उंदरांवरचा होता, माणसाच्या सव्वीस वर्षांच्या खंडाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरी मांडीवर हात ठेवून मला वाटलं, आत काहीतरी अजून बसून आहे, 'खो'ची वाट पाहत.

बाईंनी मला सुरुवातीला एकच काम दिलं: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, पाच वेळा. मला अपमान वाटला होता. पण तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू काही टक्के घटत जातात, आणि नुसत्या चालण्याने ते पुरेसे भरून निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा दम लागणारा. त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगते. आमच्याकडे बायका पहिलं करतात, दुसरं सोडून देतात. म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

ती उठबस मी कुकरला बांधली. सकाळी डाळ-भाताचा कुकर चढवला की पहिली शिट्टी होईपर्यंत खुर्ची. वेगळा वेळ काढायचा नाही, आठवण ठेवायची नाही, इच्छा आहे का हे विचारायचं नाही. लंडनच्या विद्यापीठात सवयींवर झालेल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. ही गोष्ट मला आधी कळायला हवी होती. मी कायम एका चुकलेल्या दिवसानंतर सगळं सोडत आले.

वेळेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पहाटेची जी वेळ व्यायामाची म्हणतात, ती आमच्या घरी तीन डब्यांची असते. पहाटे बाहेर न पडणाऱ्या बाईला आळशी म्हणणारे लोक त्या वेळी बहुधा अंथरुणात असतात. मी नवऱ्याला सांगितलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी डबे तुम्ही करायचे." पहिल्या मंगळवारी पोळ्या करपल्या, मुलाने त्याच नेल्या. आता ते भाजी माझ्यापेक्षा लवकर उरकतात. मला मिळालेल्या सगळ्या प्रेरणेत या दोन सकाळी सर्वांत मोलाच्या आहेत.

चौथ्या महिन्यात वजन फक्त दोन किलो कमी झालं होतं. वजनकाटा मी मग कपाटावर ठेवून दिला. कारण त्याच महिन्यात एक दिवस ओट्याखालच्या कप्प्यातून पुरणयंत्र काढायला उकिडवी बसले आणि काढून उभी राहिले. ते ओट्यावर ठेवल्यानंतर लक्षात आलं, की दोन्ही हातांत यंत्र होतं, म्हणजे हात कुठेच टेकले नव्हते. स्वयंपाकघरात एकटीच होते. पुन्हा बसले, पुन्हा उठले.

आता किल्ल्यावर जाते, पळत नाही, वर पोचतेही. गेल्या आठवड्यापासून जाऊबाई सोबत येतात. त्यांची साठी जवळ आली आहे. परवा त्यांचा तिसरा दिवस होता. पहिल्या वळणावर त्यांनी कठड्याला टेकून दम घेतला आणि म्हणाल्या, "तू जा गं पुढे, मी थांबते इथे." वरचा दरवाजा कोवळ्या उन्हात दिसत होता. मी म्हटलं, "आपलं आजचं इथपर्यंतच होतं, वहिनी." आणि आम्ही दोघी खाली वळलो.