बिऱ्हाड पाठीवर नको, सायकलवर हवे

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. अनेक दिवसांच्या सायकल प्रवासाला निघणाऱ्याचे बिऱ्हाड मात्र पाठीवर असू नये, आणि ते मोठे तर मुळीच असू नये. पावसाळा सरला की शहरांतील अनेक सायकलप्रेमींना कोकण किनाऱ्याचे वेध लागतात. मुंबईहून अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, गुहागर, रत्नागिरी, मालवण असे करीत गोव्यापर्यंतचे पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर सात-आठ दिवसांत कापता येते. या प्रवासाची मजा आणि सुरक्षितता पायांतील ताकदीइतकीच सामानाच्या निवडीवर अवलंबून असते.

या निवडीचा नियम सोपा आहे. वाटेत जे मिळते, ते घरून नेऊ नये. वाटेत जे मिळत नाही, ते विसरू नये. प्रत्यक्षात बहुतेक जण उलट वागतात. साबण, फराळाचे डबे आणि चार जोड कपडे पिशवीत जातात, आणि सायकलला नेमकी लागणारी ट्यूब घरी राहते.

वजनाचे गणित

नकाशात किनारपट्टीचा रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो खाडीपासून सड्यावर चढतो आणि पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरतो. असे चढउतार दिवसातून अनेकदा येतात. चढावर लागणारे श्रम स्वार, सायकल आणि सामान यांच्या एकत्रित वजनाच्या प्रमाणात वाढतात. ७० किलोचा स्वार आणि १५ किलोची सायकल धरल्यास ५ किलो सामानासह एकूण भार ९० किलो होतो. सामान १५ किलो असेल, तर १००. म्हणजे प्रत्येक चढावर सुमारे ११ टक्के अधिक श्रम. मुक्काम लॉज किंवा घरगुती निवासात असेल, तर ७-८ किलो सामान पुरेसे ठरते.

हे वजन मागील कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली आणि समसमान असावे. सॅक पाठीवर घेतल्यास घाम कोंडतो, मनगटांवर आणि बैठकीवर ताण वाढतो, शिवाय वजन उंचावर गेल्याने वळणावर तोल सांभाळणे कठीण होते. जड वस्तू पिशवीच्या तळाशी, पावसाची किंवा फेरीबोटीवरच्या तुषारांची बाधा होणाऱ्या वस्तू प्लॅस्टिकच्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. लोंबणारा पट्टा किंवा दोरी चाकाच्या आऱ्यांत अडकून अपघात होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक टोक आवळून बांधणे आवश्यक असते.

गावात न मिळणारे सुटे भाग

गावोगावच्या सायकल दुकानांत साध्या काळ्या सायकलीचे, २८ गुणिले दीड इंची टायर-ट्यूब मिळण्याची शक्यता असते. गिअरच्या सायकलींचे माप वेगळे, अनेकदा व्हॉल्व्हही वेगळा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये गावातल्या पंपाने थेट हवा भरता येत नाही. त्यासाठी छोटे पितळी अॅडाप्टर लागते. म्हणून आपल्या मापाच्या दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, टायर सोडविण्याच्या पट्ट्या आणि व्हॉल्व्हला बसणारा छोटा पंप सोबत हवाच.

याखेरीज एलन कीचा संच, चेन तोडण्याचे हत्यार आणि चेनची एक जादा जोडकडी घ्यावी. मागील डिरेलर ज्या लहानशा तुकड्यावर बसतो, त्या हँगरचा आकार जवळपास प्रत्येक मॉडेलला निराळा असतो. सायकल आडवी पडून तो वाकला किंवा तुटला, तर गिअर निकामी होतात आणि आडगावात त्याला पर्याय मिळत नाही. वजन काही ग्रॅमचे. पण जवळ नसल्यास प्रवास तेथेच संपू शकतो.

ब्रेक पॅडचा एक जादा जोडही तितकाच महत्त्वाचा. सामानाने भरलेली सायकल उतारावर अधिक जोर घेते, थांबायला अधिक अंतर लागते. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापतो आणि पॅड झिजतात. वेग आधीच मर्यादित ठेवून दोन्ही ब्रेक थोड्या थोड्या वेळाने दाबत उतरावे.

कपडे दोनच जोड

सायकल चालविण्याचे दोन जोड आणि संध्याकाळचा एक जोड एवढ्यावर आठवडा निभावतो. गादी असलेली शॉर्ट आतील कपड्याविना घालायची असते. शिवण घासून होणाऱ्या जखमा त्यामुळे टळतात. ती रोज धुतलीच पाहिजे. कोकणच्या दमट हवेत कपडे लवकर वाळत नाहीत. धुतलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून पिळला, की बरेचसे पाणी निघून जाते. जाड टर्किश टॉवेलपेक्षा पंचा हलका, लवकर वाळणारा आणि उन्हात मानेवर घेण्याजोगा.

पाणी, मीठ आणि उजेड

जांभ्या दगडाच्या सड्यांवर सावली क्वचितच आढळते. दोन बाटल्या पाणी नेहमी भरलेले असावे. घामातून पाण्याबरोबर क्षारही जातात. नुसतेच पाणी भरपूर पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटू शकते. म्हणून ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत. ती संपल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण चालते. चमचा चहाचा धरावा. खाण्याचा साठा मात्र नको. पोहे, केळी, शेंगदाण्याची चिक्की वाटेत मिळते.

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ येथे सायकल फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडता येते. मात्र फेरी चुकली तर मुक्काम गाठेपर्यंत अंधार होतो. त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, तसेच अंगावर प्रकाश परावर्तित करणारे जाकीट दिवसाच्या प्रवासातही बाळगावे. हेल्मेट, रक्तगट लिहिलेले ओळखपत्र, जंतुनाशक मलम, बँडेज आणि थोडी रोख रक्कम यांना पर्याय नाही. आपत्कालीन क्रमांक ११२ सोबत्यांनाही ठाऊक असावा.

निघण्यापूर्वी

निघण्याच्या किमान आठवडाभर आधी पूर्ण सामान लादून ४०-५० किलोमीटरची फेरी मारावी. तीत एक चढ हवाच. पुणेकरांना बापदेव घाट, ठाणेकरांना येऊर सोयीचे. कॅरिअरचे स्क्रू सैल होतात का, टाच पिशवीला लागते का, ब्रेक पुरतात का, हे तेथेच कळते. घरच्या अंगणात एकदा ट्यूब बदलून पाहावी. परतीला सायकल रेल्वेने पाठवायची असल्यास पेडल काढण्याचा १५ मिलिमीटरचा पाना लागतो; डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हेही लक्षात ठेवावे.

सराव फेरीहून परतल्यावर पिशव्या रिकाम्या करून प्रत्येक वस्तूविषयी एकच प्रश्न विचारावा: ही श्रीवर्धनला किंवा गुहागरला विकत मिळेल का? मिळणार असेल, तर ती घरीच ठेवावी.