जांभळातली गोडी जाते कुठे?

जांभळाची बिअर पहिल्यांदा चाखणारा बहुतेक वेळा फसतो. रंग गडद गुलाबी, फेसालाही गुलाबी झाक. ग्लास तोंडाशी नेला की वास जांभळाचाच येतो. पण घोट घेतल्यावर गोडीचा पत्ता नाही! जिभेच्या कडांना आंबट लागतं, हिरड्यांवर तुरटपणा बसतो आणि गिळून झाल्यावर, श्वास नाकातून बाहेर पडताना, जांभूळ पुन्हा हजर होतं. एवढं गोड फळ घातलं, मग गोडी गेली कुठे?

यीस्टने खाल्ली. जांभळातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या दोन्ही यीस्टच्या अगदी आवडीच्या. साखरेच्या प्रत्येक रेणूमागे यीस्ट अल्कोहोलचे दोन रेणू बनवतं आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. मागे उरतं ते यीस्टला नको असलेलं: आम्ल, रंग, तुरटपणा आणि वास. फळाच्या बिअरमध्ये आपण पितो ते हे उरलेलं फळ.

2009 साली पुण्यात 'डुलाली' ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारं ठिकाण, सुरू झाली. त्यानंतर अशा ठिकाणी हंगामाप्रमाणे आंबा, जांभूळ, कोकम घातलेल्या बिअर येऊ लागल्या. जांभळाचा हंगाम अगदी आखूड. मेअखेर ते जून, बस. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या पुढे महामार्गाच्या कडेला किंवा मुरबाडहून माळशेजकडे जाताना ठाकर-कातकरी बायका टोपल्या घेऊन बसतात तेवढेच दिवस. शेजारच्या बदलापूरच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. फळ मात्र नाजूक. दोन दिवसांत मऊ पडतं, मग त्याला आपोआप आंबूस वास सुटतो. सालीवरच्या रानटी यीस्टने काम सुरू केलेलं असतं, ब्रुअरीची वाट न बघता.

म्हणून बिअरवाले गर काढून तो गोठवतात. गोठताना पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात आणि रंग, रस सहज सुटतो. हा गर बिअरमध्ये घालायचा कधी, यात खरी हुशारी आहे. सुरुवातीलाच घातला, तर आंबण्याच्या जोरात उसळणारा कार्बन डायऑक्साइड फळाचा वास सोबत घेऊन हवेत जातो. म्हणून पहिला जोर ओसरल्यावर गर घालतात. उकळत मात्र नाहीत. उकळल्याने वास उडतो आणि फळातल्या पेक्टिन या चिकट घटकामुळे बिअर गढूळ होते.

तुरटपणाची गंमत वेगळीच. तुरट ही जिभेची चव नव्हे, तो स्पर्श आहे. जांभळातली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. फळ खाताना साखर हे सगळं झाकून टाकते. बिअरमध्ये पांघरूणच निघालेलं असतं, म्हणून तीच टॅनिन जास्त बोचतात. मला विचाराल तर ही बिअर आवडणं-न आवडणं इथेच ठरतं. ज्यांना गोडी हवी त्यांनी सरळ जांभूळ खावं.

गोडी हरवलेली फळाची बिअर फक्त आपल्याकडेच होते असं नाही. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास आंबट चेरींची 'क्रीक' ही बिअर करतात. चेरी पिंपातल्या बिअरमध्ये महिनोन्महिने बुडवून ठेवतात, आणि तीही अस्सल असेल तर गोड नसतेच.

साखरेचं हे रूपांतर शहापूर-मुरबाडला काही नवं नाही. इथे ते जांभळापेक्षा मोहाच्या फुलात जुनं आहे. मार्च-एप्रिलमध्ये ही फुलं रात्री गळतात आणि पहाटे बायका-पोरं ती वेचतात. फूल बोटभरही नसतं. फिकट पिवळसर, मांसल, चिकट. वाळलं की मनुकेसारखं होतं आणि त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. पाण्यात भिजवून ठेवलं की यीस्ट तेच करतं जे जांभळात करतं. फरक इतकाच की पुढे ते आंबवण भट्टीवर चढतं.

या साखरेची इंग्रज सरकारला एवढी धास्ती, की 1892 साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला, तोही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. लोकांच्या अंगणातली फुलं अबकारी खात्याच्या नजरेखाली आली. चिंता व्यसनाची होती त्याहून महसुलाची जास्त, असं माझं मत. त्यानंतर 130 वर्षांनी, 2022 मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोहाच्या मद्याला दर्जा दिला तो 'विदेशी मद्या'चा! वेचणाऱ्या बाईने हे ऐकलं तर ती काय म्हणेल कोण जाणे.

बिअर पीत नसाल (आणि 21 वर्षांखालच्यांनी महाराष्ट्रात ती प्यायचीच नाही), तरी यातली दोन आश्चर्यं घरी बघता येतात. नाक चिमटीत धरून जांभूळ चावा: गोड, आंबट, तुरट एवढंच कळेल, जांभूळ कळणार नाही. मग नाक सोडा. दुसरं, जांभळाचा रस दोन वाट्यांत घ्या; एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. एक लालसर होईल, दुसरी निळसर. बिअर आम्लधर्मी असते, म्हणून काळं जांभूळ ग्लासात गुलाबी दिसतं. प्रयोग जुन्या कपड्यांत करा. जांभळाचा डाग सहजी निघत नाही.