निवडक महाविद्यालयांतील प्रवेशाची संभाव्यता : मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या संदर्भात

लातूर-बार्शी मार्गावरील मुरुड येथील एखाद्या शेतकरी कुटुंबाची कल्पना करावी. दहावीनंतर मुलगी लातुरास जाते, तेथे भाड्याच्या खोलीत राहून दोन वर्षे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करते. या काळात घरात एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : हिला शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळेल काय? त्यास बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक, ‘नक्की मिळेल’. दुसरे, ‘गेल्या वर्षी इतक्या गुणांवर प्रवेश बंद झाले, तेवढे पडले की झाले’. ही दोन्ही उत्तरे शास्त्रीय कसोटीस उतरत नाहीत. तथापि आणखी एक वर्ष परीक्षेस द्यावे की नाही, खाजगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी कर्ज काढावे की नाही, हे निर्णय अशाच उत्तरांवर घेतले जातात. म्हणून प्रवेशाची संभाव्यता म्हणजे नेमके काय व ती कशी अजमावावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

१. गुण आणि क्रमांक

महाराष्ट्रातील एम.बी.बी.एस.चे प्रवेश २०१७ पासून ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेतील गुणवत्तेवर होतात. परीक्षा ७२० गुणांची असते. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. २०२४ च्या सुधारित अंतिम निकालात १७ विद्यार्थ्यांना पूर्ण ७२० गुण होते. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका कठीण होती व देशातील सर्वोच्च गुणच ६८६ होते. अर्थात ६५० गुण या संख्येस स्वतःचा असा काही अर्थ नाही. एका वर्षी जे गुण हजारो विद्यार्थ्यांना मिळतात, तेच दुसऱ्या वर्षी अगदी मोजक्यांच्या वाट्यास येतात. प्रवेश गुणांनी मिळत नसून गुणानुक्रमाने मिळतो.

यातच दुसरा एक गैरसमज गुंतलेला आहे. खुल्या प्रवर्गाची पात्रता-रेषा २०२४ मध्ये १६२ गुणांवर व २०२५ मध्ये १४४ गुणांवर होती. ही रेषा ओलांडणारा ‘पात्र’ ठरतो. परंतु २०२५ मध्ये असे पात्र विद्यार्थी १२ लाखांहून अधिक होते, तर देशातील एम.बी.बी.एस.च्या एकूण जागा सुमारे सव्वा लाख. पात्रता आणि प्रवेश यांमध्ये एवढे अंतर आहे.

२. मागील वर्षाची रेषा

गुणांऐवजी क्रमांक घेतला तरी मागील वर्षाचा अखेरचा क्रमांक यंदा तसाच राहील असे मानता येत नाही. तो ज्या व्यवस्थेतून उत्पन्न होतो ती व्यवस्थाच बदलत असते. मराठवाड्यापुरते पाहिले तरी तीन मोठे बदल दिसतात.

पहिला बदल विभागीय कोट्याचा. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत दीर्घकाळ ७०:३० हे सूत्र होते. विभागातील ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांसाठी व ३० टक्के राज्यभरासाठी असत. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने येथील विद्यार्थ्यास इतर विभागांच्या तुलनेने अधिक गुण असूनही प्रवेश हुकतो, अशी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. दुसरा बदल आरक्षणाचा. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द ठरविला व फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा झाला. तिसरा बदल जागांचा. औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील जुन्या शासकीय महाविद्यालयांच्या जोडीस २०२२ पासून पुढील काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना व हिंगोली येथील महाविद्यालये आली. २०१९ चा आकडा आज पुढे करणारा सल्लागार म्हणूनच निराळ्या व्यवस्थेचा आकडा सांगत असतो.

३. अंदाजाचे गणित

येथे दोन अनिश्चितता आहेत : विद्यार्थिनी प्रत्यक्ष परीक्षेत किती गुण मिळवील ही एक, व प्रवेशाची रेषा कोठे थांबेल ही दुसरी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सराव परीक्षांतील गुण एकाच काठिण्यपातळीवर आणल्यावर विद्यार्थिनीची सरासरी ५४० व प्रमाण विचलन ३० आले. त्याच पातळीवर प्रवेशाची रेषा ५२० च्या आसपास अपेक्षित आहे. रेषा निश्चित आहे असे मानल्यास २० गुणांचे आधिक्य प्रमाण विचलनाच्या दोन-तृतीयांश भरते व प्रसामान्य वक्रानुसार संभाव्यता सुमारे ७५ टक्के येते. परंतु रेषेचेही प्रमाण विचलन ४० असेल, तर दोन्ही विचलनांच्या वर्गांची बेरीज करून, म्हणजे ९०० व १६०० मिळवून, वर्गमूळ काढावे लागते. ते ५० येते. आता २० भागिले ५० म्हणजे ०·४, आणि संभाव्यता सुमारे ६६ टक्के. रेषेची अनिश्चितता विसरल्यामुळे नऊ टक्क्यांची खोटी निश्चिंती पदरी पडली होती.

४. अनेक महाविद्यालये, एकच गुणवत्ता

यापेक्षा मोठी चूक संभाव्यता एकत्र करताना होते. तीन महाविद्यालयांत प्रत्येकी ४० टक्के संभाव्यता असल्यास निदान एकात तरी प्रवेश मिळण्याची संभाव्यता ७८ टक्के होते, असा हिशेब मांडला जातो. या घटना परस्परांपासून स्वतंत्र असत्या तरच तो बरोबर ठरला असता. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत प्रत्येक ठिकाणची समिती निबंध, शिफारसपत्रे इत्यादी साधने पाहून आपापला निर्णय घेते. तेथे अधिक अर्ज करण्यास काही अंशी अर्थ असतो. महाराष्ट्रात एकाच गुणवत्तायादीतील एकच क्रमांक सर्व ठिकाणी लागू होतो. तो क्रमांक घसरला की तिन्ही दारे एकदम बंद होतात. म्हणून ज्या महाविद्यालयाची रेषा सर्वांत खाली आहे, त्याची संभाव्यता हीच संपूर्ण यादीची संभाव्यता होय; येथे ती ७८ नसून ४० टक्केच आहे. दहा नावे लिहिल्याने नव्हे, तर त्यांत खालच्या रेषेचे एखादे नाव लिहिल्याने सुरक्षितता वाढते.

५. पसंतीक्रम

‘जेथे मिळण्यासारखे आहे तेच वर लिहा’ हा सल्लाही या दृष्टीने तपासावयास हवा. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशांच्या स्थिर वाटपाची उपपत्ती मांडली. त्या विचारसरणीस अनुसरून असे दाखविता येते की, सर्व महाविद्यालये एकच गुणवत्ताक्रम मानीत असतील, विद्यार्थ्याची पाळी आल्यावर त्याच्या यादीतील पहिली उपलब्ध जागा त्यास दिली जात असेल आणि यादीच्या लांबीवर मर्यादा नसेल, तर त्या फेरीत खरा पसंतीक्रम लिहिण्यात तोटा नसतो. पहिले नाव न मिळाल्याने दुसऱ्या नावावरील हक्क कमी होत नाही. उलट भीतीपोटी खालचे नाव वर लिहिले तर मिळू शकणारी अधिक चांगली जागा हातची जाते. जागा स्वीकारणे, ती राखून पुढील फेरीस जाणे यांचे नियम मात्र प्रत्येक वर्षी स्वतंत्रपणे वाचावे लागतात. संभाव्यतेचा उपयोग यादीचा क्रम ठरविण्यासाठी नसून यादी कोठवर खाली न्यावी हे ठरविण्यासाठी आहे.

६. अंदाजाची परीक्षा

लातूर व नांदेड या शहरांत यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे मोठमोठे फलक दिसतात. फलकावर अंश असतो, छेद नसतो; किती विद्यार्थी परीक्षेस बसले व त्यांपैकी कितीजण पूर्वी एकदा बसून आले होते, हे त्यावरून कळत नाही. अशा फलकावरून कोणाही एकाची संभाव्यता काढता येणे अशक्य आहे.

सल्ला देणाऱ्यांच्या अंदाजांस मात्र कसोटी लावता येते. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये पर्जन्याच्या अंदाजांसाठी अशी एक रीत सुचविली. अंदाज व प्रत्यक्ष घटना यांतील फरकाचा वर्ग हा त्या अंदाजाचा दोष मानावयाचा. ६६ टक्के म्हटल्यावर प्रवेश मिळाला तर दोष सुमारे ०·१२, न मिळाल्यास ०·४४. ‘नक्की’ म्हटल्यावर न मिळाल्यास पूर्ण १. महाविद्यालयांनी आपले अंदाज निकालापूर्वी लिहून ठेवले व ते पुढे ताडून पाहिले, तर ७० टक्के सांगितलेल्या दहांपैकी खरोखरच सातांना प्रवेश मिळतो की नाही, हे पाच-सहा वर्षांत स्पष्ट होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी हा विषय सहज हाती घेता येण्याजोगा आहे.

मुरुडच्या त्या घरात मग असे उत्तर देता येईल : अशा शंभर विद्यार्थिनींपैकी सहासष्टजणींना प्रवेश मिळावा, चौतीसजणींना मिळणार नाही, आणि आपली मुलगी कोणत्या गटात असेल हे आज कोणासही सांगता येत नाही. या उत्तराने समाधान कदाचित कमी होईल. परंतु त्या चौतीसांच्या वाटेचा, म्हणजे दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, विज्ञानाची पदवी किंवा आणखी एक वर्ष, यांचा विचार निकालाच्या दिवशी घाईने न होता आधीच शांतपणे होऊ शकेल.