वास ओलीचा, माणसाचा नव्हे!



आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचनाला जायचे म्हणून ट्रंकेतली पांढरी साडी, पांढरा सदरा बाहेर काढावा, तर घडी उलगडताच कुबट वास नाकात शिरतो. मीरा-भाईंदरमध्ये हा अनुभव घरोघरचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या घरातली सहावीतली मुलगी शाळेत जाईना. खोदून विचारले तेव्हा कळले, बाकावरच्या मुलीने नाक धरून ‘तुझ्या कपड्यांना वास येतो’ म्हटले होते. मुलगी रोज अंघोळ करून, धुतलेला गणवेश घालून जात होती. पण तो गणवेश वाळायचा कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हच्या वरच्या दोरीवर. फोडणीचा धूर आणि भिंतीची ओल, दोन्ही त्यात मुरत होते. दोष मुलीचा नव्हता, आईचाही नव्हता. तरी मान खाली गेली ती त्या दोघींचीच.

आपल्या समाजाला ‘वासा’चे हे बोलणे नवे नाही. शतकानुशतके आपल्याला पाणवठ्यापासून दूर ठेवायचे आणि वर अस्वच्छ म्हणून हिणवायचे, हा न्याय आपण भोगला आहे. म्हणूनच जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांना शिक्षणाबरोबर स्वच्छतेचाही उपदेश केला. तो लाज वाटावी म्हणून नव्हता, ताठ मानेने जगता यावे म्हणून होता. त्याच दृष्टीने आज आम्ही या साध्या विषयाकडे पाहणार आहोत.

ओल येते कुठून?

तथागतांनी शिकवले की कारणाशिवाय काही घडत नाही. कारण दूर केले की परिणामही दूर होतो. वासाचेही तसेच आहे.

आपल्या शहराच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि अवतीभोवती मिठागरे. इथली हवाच खारी आणि दमट. मीठ हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून खाऱ्या बोअरच्या पाण्यात धुतलेला कपडा कितीही वाळवला तरी पावसाळ्यात सादळतो. सादळलेल्या कपड्यावर, गादीवर, कागदावर बुरशी धरते आणि कुबट वास येतो तो या बुरशीचा. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी आलीच म्हणून समजा.

धुराचा वास निराळा. धुरात डांबरासारखे चिकट, अतिसूक्ष्म कण असतात. ते धाग्याधाग्याला चिकटतात आणि नुसत्या थंड पाण्याने निघत नाहीत.

भिक्खूंची शिस्त

मज्झिम निकायातल्या वत्थूपम सुत्तात मळक्या वस्त्राचा दृष्टांत आहे. मळलेल्या कापडावर कुठलाही रंग नीट चढत नाही, तसेच मळलेल्या मनाचे. कुबट साडीवर अत्तर शिंपडणाऱ्यांनी आणि ट्रंकेजवळ अगरबत्ती लावणाऱ्यांनी हा दृष्टांत ध्यानात ठेवावा. वास झाकला म्हणजे गेला असे होत नाही.

विनयपिटकात तर भिक्खूंना घरकामाचे बारीकसारीक नियमच घालून दिले आहेत. गादी-उशी बाहेर न्यावी, उन्हात तापवावी, झटकून स्वच्छ करावी आणि मग जागेवर ठेवावी. चीवर घामाने ओले झाले तर थोडा वेळ उन्हात वाळवावे, मात्र उन्हातच टाकून ठेवू नये. घडी घालताना कडा चार बोटे मागेपुढे ठेवाव्यात, म्हणजे वस्त्र मधोमध मोडत नाही. चीवर टांगायला बांबू आणि दोरी असावी. धूर बाहेर जावा म्हणून धुराडे ठेवण्याचीही अनुज्ञा आहे. ही सारी कामे करणारे भिक्खू पुरुष होते, हे आमच्या बांधवांनी विसरू नये. गादी उन्हात टाकणे हे एकट्या बाईचे काम नव्हे.

कुबट कपड्यांसाठी

१. कपडा आधी घराबाहेर झटका. बुरशीचे कण घरात उडू देऊ नका. नाकाला रुमाल बांधा. घरात दम्याचा रोगी असेल तर त्याला लांब ठेवा.

२. अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी खाण्याचा सोडा विरघळवा. सुती कपडे त्यात तासभर भिजवून नेहमीच्या साबणाने धुवा.

३. तरीही वास राहिला तर पुढच्या धुण्यात, शेवटच्या पाण्याच्या आधी बादलीभर पाण्यात एक वाटी पांढरे व्हिनेगर घाला आणि कपडे पंधरा मिनिटे बुडवून ठेवा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालू नका. दोघे एकमेकांचा गुण मारतात.

४. पाणी खारे असेल तर निदान शेवटचे खंगाळणे नळाच्या गोड्या पाण्यात करा.

५. दोरीवर दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवा. वाळला की नाही हे मधल्या कापडावरून ठरवू नका. शिवण, कॉलर, नाडीची पट्टी गालाला लावून पाहा. गार लागली तर ओल आहे.

६. वास असलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने वास पक्का होतो. वास गेल्यावर इस्त्री करा आणि कपडा निवल्यावरच ट्रंकेत ठेवा.

पांढरे कपडे ठेवणीत टाकताना खळ करू नका. खळीवर बुरशी वाढते आणि कसरही लागते. खळ नेसण्याच्या आदल्या दिवशी करावी. रेशमी साडीला सोडा वर्ज्य. ती सावलीत, वाऱ्यावर उलगडून ठेवावी.

ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा आणि भिंतीपासून चार बोटे दूर सरकवा. आत फडक्यात बांधलेले लाकडी कोळशाचे तुकडे ठेवा. ते वास शोषतात. महिन्यातून एकदा त्यांना ऊन दाखवा.

धुराच्या वासासाठी

कपडे आधी दोन-तीन तास मोकळ्या वाऱ्यावर टांगा. मग सुती कपडे कोमट पाण्यात, थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घालून भिजवा. चिकट कण कोमट पाण्यानेच सुटतात. लोकरीच्या कपड्यांना मात्र धुण्याचा सोडा आणि गरम पाणी दोन्ही चालत नाही.

पण रोज धूर खाणारा कपडा रोज किती धुणार? दोरी स्टोव्हवरून हलवा. स्टोव्हची ज्योत पिवळी येत असेल तर वाती सारख्या कापा. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक गरीब घरांत गॅस आला. तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा लाकडे पेटतात, हे आम्ही पाहतो. त्या दिवशी निदान दार-खिडकी उघडी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. जो धूर साडीत शिरतो तोच लेकराच्या छातीत शिरतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बांधवांनीही हे मनावर घ्यावे.

उत्तनच्या कचराभूमीला गेल्या काही वर्षांत वारंवार आगी लागल्या आणि आसपासच्या गावांनी तो धूर सोसला. असा धूर आला की वाळत घातलेले कपडे आधी आत घ्या आणि त्या बाजूची खिडकी लावा.

गादी, ग्रंथ आणि तसबिरी

गादी-गोधड्यांना मे महिन्यातच दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, दोन्ही बाजूंनी काठीने झोडा. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा. पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यात भिजलेली कापसाची गादी मात्र वापरू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर अनेकांनी जिवावर उदार होऊन त्याच गाद्या वाळवल्या. गादी महाग असते हे खरे, पण आजारपण त्याहून महाग पडते.

घरातले बाबासाहेबांचे ग्रंथ ही आपली खरी दौलत. कुबट झालेला ग्रंथ सकाळच्या कोवळ्या उन्हात, पाने सुटी करून थोडा वेळ उभा ठेवा. कडक उन्हात पाने पिवळी पडतात आणि बांधणी सुटते. बुरशी मऊ ब्रशने घराबाहेर झटका, ओले फडके लावू नका. मग झाकणाच्या डब्यात खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवून, ग्रंथाला सोडा लागणार नाही अशा बेताने आठवडाभर ठेवा.

ओल्या भिंतीवरच्या तसबिरीमागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळतो. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर शिंपडू नका. मेणबत्ती आणि अगरबत्ती तसबिरीपासून हातभर दूर लावा.

हे मुळीच करू नका

ब्लिचिंग पावडरमध्ये अॅसिड किंवा व्हिनेगर मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि छोट्या न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. बाळाच्या कपड्यांत वाळलेला कडुलिंबाचा पाला बरा.

बंद खोलीत ओल वाळवायला कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्या वायूला वास नसतो, पण झोपेतच माणूस दगावतो.

थोडे आपण सारे मिळून

घरात एवढे सगळे केले तरी गळका पत्रा आणि खिडकी नसलेली खोली ओल देतच राहणार. ती मागणी घरमालकाकडे आणि महानगरपालिकेकडे लेखी, दहा घरांच्या सह्यांनी करावी. एकट्या बाईच्या तोंडी तक्रारीला कोण विचारतो?

आमची आणखी एक सूचना आहे. आषाढी पौर्णिमेच्या आधी, उघडीप मिळेल त्या रविवारी, प्रत्येक विहारात ‘ऊन देण्याचा दिवस’ ठेवावा. विहारातल्या सतरंज्या, ग्रंथ, तसबिरी बाहेर काढाव्यात. ज्यांच्या खोलीला ऊन नाही त्यांनी आपल्या गोधड्याही विहाराच्या अंगणात आणाव्यात. पुरुषांनी झोडाव्यात, मुलांनी ग्रंथ झटकावेत.

त्या सहावीतल्या मुलीच्या घरी दोरी आता खिडकीजवळ बांधली आहे आणि गणवेश रात्री पंख्याखाली वाळतो. मुलगी शाळेत जाते. तिच्या आईने तिला समजावले, ‘वास ओलीचा होता, तुझा नव्हता.’ आपल्या प्रत्येक लेकराला हे कळले पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं!