गल्लीतलं गाणं, मालकी कोणाची?

कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर केलं. आवाजही त्यावरच, व्हिडिओही. मुंबईच्या रॅपर पोरांवरचा 'गली बॉय' हा सिनेमा २०१९ मध्ये आला, तोवर धारावी, अंधेरी, कुर्ल्यातली पोरं आपली गाणी स्वतःच काढू लागली होती. आज मुंबई-पुण्यात असं एक रॅप गाणं कसं तयार होतं आणि त्याचे पैसे कुठल्या वाटेने येतात, ते क्रमाने पाहू.

सुरुवात बीटपासून, म्हणजे ज्यावर रॅप करायचं त्या संगीतापासून. नवा रॅपर बीट बहुधा लीजवर, म्हणजे एका अर्थी भाड्याने घेतो. स्वस्त पडतं, पण तोच बीट त्याचा निर्माता आणखी कितीतरी जणांना देऊ शकतो. शिवाय किती स्ट्रीमपर्यंत आणि किती वर्षं वापरायचा, याची मर्यादा करारात असते. गाणं चाललं की नेमकी हीच मर्यादा आडवी येते. ज्या गाण्यावर भिस्त आहे त्याचा बीट एक्सक्लुझिव्ह घ्यावा, किंवा आपल्याच गल्लीतल्या प्रोड्युसरसोबत बसून करावा.

मग लिखाण. बीटची गती मिनिटाला ९६ ठोके धरा. एका बारमध्ये चार ठोके, म्हणून सोळा बारचं कडवं ६४ ठोक्यांचं, बरोबर ४० सेकंदांचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'आला-गेला-केला' हे यमक आपोआप जुळतं आणि तितक्याच लवकर कंटाळवाणं होतं. चांगला रॅपर यमक ओळीच्या पोटात नेतो, नामांवर, जागांच्या नावांवर बसवतो. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. याच गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं. इथली भाषा आणि इथला प्रश्न एकत्र आले की रॅपला किती बळ येतं, ते या गाण्यात कळतं.

रेकॉर्डिंगला एक बरा माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि भिंतींना जाड गोधड्या पुरतात. मिक्सिंगला मात्र जाणता कान हवा. तिथे पैसे वाचवू नयेत.

स्पॉटिफायसारख्या मंचांवर गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत जातं. तो वर्षाची फी किंवा कमाईतला वाटा घेतो आणि गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळवून देतो. ऐकणं कुणाच्या खात्यावर मोजायचं, ते या कोडवरून कळतं.

बहुतेकांची गफलत पुढे होते. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रेकॉर्डिंगची, जिला मास्टर म्हणतात. दुसरी शब्द आणि संगीताची. डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते मास्टरचे पैसे. शब्द-संगीताची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. तिथे गीतकार म्हणून सभासद होऊन गाणं नोंदवलं नाही, तर तो वाटा हाती येत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा हा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. तो वारसाला किंवा अशा संस्थेलाच देता येतो; संगीत कंपनीने करारात काढून घेतला, तरी ते कलम टिकत नाही.

मास्टरला असं संरक्षण नाही. सही केली की तो गेला. म्हणून करार वाचताना मुदत आणि प्रदेश हे दोन रकाने आधी शोधा. ते कोरे असतील तर कायदा पाच वर्षं आणि भारतापुरता हक्क धरतो. 'कायमचा' आणि 'जगभर' असं लिहिलेलं असेल तर तेच लागू होतं. कंपनीशी करार करणं वाईट नाही, न वाचता करणं घातक आहे.

दोस्तीतही हेच. हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, एकाने लिहिली, कडवं दुसऱ्याने, बीट तिसऱ्याचा. वाटे तोंडी ठरतात आणि गाणं गाजल्यावर भांडण होतं. तेव्हा कुणाचा किती टक्के, हे त्याच रात्री स्टुडिओत कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि मगच गाणं अपलोड करा.